दादाचा फेल बोअर

२१ फेब्रुवारी

बाटली काळी पडली. वाडीच्या विहिरीची.

परवा माहेरून येताना भरून आणली होती. फडक्यात गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवली. काल तपकिरी होती, आज डांबर. पाणी तपासायच्या लॅबमधून निवृत्त झाल्यापासून घरात यंत्रबिंत्र काही नाही, पण ही बाटली पुरते. आत औषध असतं, पाण्यात संडासातली घाण असली की काळं होतं. शाळेतल्या पोरांनाही जमतं.

हे म्हणाले, "लोकांच्या बायका माहेराहून शेंगदाणे आणतात." शेंगदाणेही आणलेत. ते ह्यांना दिसत नाहीत.

दादाला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. एका बाटलीवरून भावाला काय सांगायचं? आधी लॅबमध्ये नीट तपासून घेते. पण ती विहीर... दादानं मला कमरेला भोपळा बांधून तिच्यात ढकललं होतं. पोहायला असंच शिकवतात म्हणे. मी बुडाले नाही, पण त्याच्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

२४ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीनं वाडी, दुपारी परत. दादा शेतात होता. रत्ना अंगणात डाळ वाळवत होती. म्हटलं, सहज आले.

"सहज कुणी बर्फाचा डबा घेऊन येतंय का?"

रत्नाला फसवता येत नाही. दादाची बायको व्हायच्या आधी पाच वर्षं ती माझ्या बाकावर बसत होती. चारचौघांत मी तिला वहिनी म्हणते, ती मला वन्सं. एकटीला रत्ने. गुडघे पार गेलेत तिचे. भिंतीला धरून उठते.

परतीच्या गाडीत विहिरीच्या नमुन्याचा डबा मांडीवर. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशीच हिंडायचे, गेवराई, माजलगाव, आष्टी, कुठं कुठं. बीडच्या स्टँडबाहेरच्या रसवाल्याकडून बर्फ घ्यायचा, तो भुसा लावून द्यायचा, मी भुसा धुवत बसायचे. एक कंडक्टर नेहमी विचारायचा, "बाई, मासे हायत का?" एकदा वैतागून खरं सांगितलं, घाण पाण्याच्या बाटल्या आहेत. पुढच्या स्टॉपपर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी झाली. मग मी मासेच सांगायला लागले.

लॅबमध्ये माझ्या खुर्चीत आता शबाना. माझ्याच हाताखाली तयार झालेली. उठून उभी राहिली, मी ओरडले तिला. खुर्चीचा पाय अजून डुगडुगतोच.

२७ फेब्रुवारी

शबानानं बोलावून घेतलं. नुसती प्लेट पुढं केली. सबंध प्लेटभर हिरवी चकाकी, सोनकिड्याच्या पाठीसारखी. ई-कोलाय. माणसाच्या आतड्यात राहणारा जीव. तो पाण्यात सापडला म्हणजे तिथं कोणाचं तरी पोट रिकामं झालंय, दुसरं काही नाही. गायीगुरांचंही असू शकतं, पण विहिरीजवळ गोठा नाही.

ही चकाकी पहिल्यांदा विद्यापीठात बघितली तेव्हा मी वेड्यासारखी सगळ्यांना बोलावून दाखवत होते. बघा बघा, किती सुंदर! सर म्हणाले, कशाची वाढ आहे ती कळल्यावर परत सुंदर म्हण. मी परत म्हटलं. अजूनही म्हणते. फक्त आज नाही म्हटलं.

२८ फेब्रुवारी

आता सांगायचंच म्हणून दादाला फोन केला, तर तोच बोलत सुटला. शेजारच्या मीराच्या पोरीला कावीळ. आणि खालच्या अंगाच्या आणखी दोन लेकरांना. मीरा अन् तिचा नवरा ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत, पोरगी आजीपाशी ठेवली होती, शाळा बुडू नये म्हणून.

"मीरा यायलीय कारखान्यावरनं. लई रडू लागली फोनवर."

मी विचारलं, पाणी कुठलं पितात. "कुठलं म्हंजे? हिरीचंच की."

२ मार्च

वाडीत आहे. मुक्काम.

दादाला ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. त्यानं शांत ऐकलं आणि म्हणाला, "कबुतरं पडत्यात हिरीत. त्येचं असंल."

मुद्दा अगदीच चुकीचा नाही. म्हणून दोघं विहिरीभोवती फिरलो. वरच्या अंगाला उकिरडा नाही, गटार नाही. कबुतरं दोन. संडासांचे खड्डे कुठं कुठं आहेत ते दाखव म्हटलं.

"खड्डा? आता एकाबी घराला खड्डा न्हाई." काय अभिमानानं सांगत होता!

मला कळेना. दादाच्या संडासाचा खड्डा मी स्वतः आखून दिलेला. विहिरीपासून लांब, पुरुषभरही खोल नाही. जोडीला दुसरा खड्डा, पहिला भरला की दुसरा वापरायचा. ते काम बघायला तेव्हा अख्खी वाडी लोटली होती. घरात हागायची खोली! आजोबा तर म्हणाले होते, ह्या पोरीला शिकवलं हीच चूक झाली.

दादा म्हणाला, खड्डा भरला. दुसराही भरत आला. रत्नाच्या गुडघ्यांसाठी दोन वर्षांपूर्वी आत कमोड बसवला, पाणी जास्त जायला लागलं. "उपसायचा कुणी? मी? आन् उपसला तर उद्या मपल्या हातचं पाणी कोण पिईल?"

म्हणून त्यानं पाईप फिरवला. दुष्काळात घेतलेला बोअर होता, त्याला पाणी लागलंच नव्हतं, नुसता धुरळा. त्यात सोडला.

"निदान ह्या कामाला तरी आला. कवाच भरायचा न्हाई बघ. जमिनीच्या पोटात गेलं की संपलं."

वाडीत फेल बोअरांची काय कमी? दादाचं बघून ज्यानं त्यानं आपापल्यात सोडलं. दादाच गवंडी पाठवून देत होता. हागणदारीमुक्त गाव म्हणून तालुक्याला त्याचा सत्कार झाला तो फोटो ओसरीवर लावलाय. फेटा वाकडा बसलाय त्यात.

दादा बघत होता, म्हणून पाणी मागितलं आणि मग आठवलं ते कुठलं.

३ मार्च

दादाला पुन्हा समजावलं. वरच्या मातीत असंख्य जीव असतात, ते घाण खाऊन टाकतात. म्हणून खड्डा उथळ हवा. बोअर त्या मातीला ओलांडून थेट खडकात जातो. खाली आपला काळा दगड, त्याला भेगाच भेगा. भेगेतून जे निघेल ते विहिरीच्या झऱ्यात.

"एवढ्या लांबून?"

"एवढ्या लांबून."

"तुला दिसलं का ते जाताना?"

नाही दिसलं. तोच तर प्रश्न.

रत्ना दारात उभी राहून ऐकत होती. दादा गेल्यावर म्हणाली, "माझा संडास बंद कराया आलीस व्हय?" मी म्हटलं, तसं नाही गं. "मग कसं? इथं गुडघं बघ माझं. आता म्हातारपणी डबा घेऊन पांदीत जाऊ?" आणि आत निघून गेली. दिवसभर वन्सं म्हणाली. कोणी नसतानाही.

पांदी तिनं उगाच नाही काढली. शाळेत असताना दोघी त्या शेतवाटेला अंधारातच जायचो. रस्त्यावर गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं, उजेड गेला की पुन्हा बसायचं. पावसाळ्यात चिखल, विंचू. रत्ना संध्याकाळी जेवायचीच नाही, नको ती भानगड म्हणून. दादाशी लग्न ठरलं तेव्हा तिनं मला एकच विचारलं होतं, तुमच्याकडं काय सोय हाय? काही नव्हती. मी दादाला सांगितलं. त्यानं कुदळ उचलली. दागिना काय घातला कुणाच्या लक्षात नाही, पण संडास सगळ्यांच्या लक्षात राहिला.

६ मार्च

बीड. ह्यांना सगळं सांगितलं. हे कोर्टात बेंच क्लार्क होते, लगेच विचारलं, "पुरावा?" मी म्हटलं, मिळवता येतो. दोन रस्ते आहेत.

एक, मीठ. पोतंभर मीठ दादाच्या बोअरात ओतायचं आणि विहिरीच्या पाण्यात पेनाएवढं यंत्र धरून खारटपणा मोजत राहायचा. आकडा मला दिसेल, बाकी कुणाला काही कळणार नाही.

दुसरा, रंग. फ्लोरेसीन. निरुपद्रवी, डोळ्यांचे डॉक्टरही वापरतात. बोअरात ओतायचा आणि विहिरीत कधी उगवतो ते बघायचं. पाणी पोपटी झालं की सगळ्या वाडीला दिसणार.

हे म्हणाले, "तू मीठच टाकणार." मी विचारलं कशावरून. "तुझा भाऊ आहे."

मी चिडले. मग वाटलं, चिडायचं काय त्यात.

लग्नाआधी ह्यांची आई मला बघायला आली होती. मुलगी काय करते? पाणी तपासते. पाण्यात काय बघते? आमचे काका पटकन म्हणाले, "क्षार." मी म्हटलं, क्षार दुसरा माणूस बघतो, मी गू बघते. हे मान खाली घालून हसत होते, तेवढ्यावरच मी हो म्हटलं. सासूबाई मात्र पुढची तीन वर्षं मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नव्हत्या. मग त्यांचीच हगवण माझ्या सांगण्यानं थांबली. शेजारणींना सांगायच्या, आमची सून डॉक्टर आहे. नव्हते मी डॉक्टर तेव्हा.

९ मार्च

दोन्ही रस्ते दादाला कळवले होते. आज त्याचा फोन. आवाज बारीक. "विजे, मीठ टाक. रंग नको. असलं तर मी गुपचूप काढून घेईन पाईप."

आणि बाकीच्यांचे? त्यांना काय सांगशील?

"त्येंचं बघू."

मी बरं म्हटलं. म्हटलं खरं.

१२ मार्च

वाडी. मीराकडे गेले. पोरगी नववीत असेल, भिंतीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे. आजीनं गळ्यात काविळीची माळ घातलीय, कावीळ उतरली की ती लांब होते म्हणतात. एरवी मी पाच मिनिटं तरी भाषण दिलं असतं. आज नाही दिलं. डॉक्टरांकडे नेलंय, गोळ्या चालू आहेत, मग माळेनं काय बिघडतं.

मीरा म्हणाली, "आत्याबाई, तिकडं फडात आमी ओढ्याचं पाणी पेतो, आमाला काय होत न्हाई. पोरीला म्हून घरी ठिवलं, चांगलं पाणी हाय म्हून. आन् हिलाच कावून झालं?"

मला उत्तर माहीत होतं. दादाचं घर तिच्या खिडकीतून दिसतं.

संध्याकाळी मी फावडं घेऊन दादाचा जुना खड्डा उघडला, पहिला, जो दोन वर्षांहून जास्त बंद पडून आहे. दादा म्हणाला, अगं काय करायलीस, लोक बघत्यात. वरची फरशी सरकवली. आत काळी भुसभुशीत माती, बाकी काही नाही. वास नाही. मी मूठभर हातात घेतली. दादा चार पावलं मागं सरला. रत्ना मात्र पुढं आली, वाकता येत नाही म्हणून माझाच हात धरून नाकाजवळ नेला.

"शेतावानीच हाय की गं."

दादानं हात लावला नाही. रात्री जेवताना माझ्या हातांकडे बघत होता. साबणानं धुतले होते, तरी.

१३ मार्च

सकाळी मी मिठाचं पोतं आणायला निघाले तर रत्ना आडवी आली. मीरा तिच्याकडे येऊन गेली होती. पोरगी बरी होईल का, विचारायला.

"रंगच टाक," रत्ना म्हणाली.

मी म्हटलं, दादाला चालणार नाही.

"मीठ तुला दिसंल. तू ह्यांना सांगशील. हे पाईप काढतील. आन् बाकीचे म्हणतील, पाटलाला बहिणीनं शिकवलं. कुणी काढायचं न्हाई मग." जरा थांबून, "दिसू दे लोकांना."

"तुझे गुडघे?"

"दुसरा खड्डा भरायला थोडी जागा हाय अजून. तवर बघू."

आणि मग मला शाळेतल्या रत्नीसारखी ढकलून, "जा आता. हे मळ्यात हायत, ऊन व्हायच्या आत सांग."

दादाला मळ्यात जाऊन सांगितलं. त्यानं मोटार बंद केली, पाटातलं पाणी आटेपर्यंत बांधावर बसला. मग उठला आणि थेट पारावर गेला. मी मागं मागं. तिथं सरपंच, पाच-सात माणसं. दादा मोठ्यानं बोलला, "हिरीत घाण हाय म्हणती आमची विजू. मपल्या बोअरची हाय का न्हाई ते रंग टाकून बघायचंय. हिरीत रंग आला तर मपला जुना खड्डा मी ह्या हातानं उपसीन, भर दिवसा. मग तुमीबी आपापले पाईप काढायचे."

एकजण म्हणाला, "आन् न्हाई आला तर?"

"न्हाई आला तर जे हाय ते हाय."

कुणीतरी हळूच म्हणालं, पाटील खड्डा उपसतोय म्हंजे जात बदलली की... आणि हसला. दादानं ऐकलं. मान लाल झाली.

त्याचा इतका अभिमान आणि त्याची इतकी कीव एकाच वेळी मला कधी वाटली नव्हती.

१५ मार्च

ठरलं ते असं: विहीर पिण्यासाठी बंद. काठावर बाभळीच्या फांद्या. गावच्या हरिनाम सप्ताहापर्यंत टँकर. सप्ताहाच्या आदल्या दिवशी टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर टाकून विहीर सुरू, कारण काल्याचा स्वयंपाक ह्याच पाण्यानं होतो, तसा नवसच आहे. मी सरपंचांना म्हटलं, पाईप तसेच राहिले तर पावडर रोज टाकावी लागेल. हो हो म्हणाले. आणि टीसीएल पडलं की रंग मरतो. म्हणजे रंग यायचा तर त्याच्या आधी. नंतर काही कळायचं नाही.

रंग दादानं स्वतः ओतला. बालदीत पावडर लालसर, पाणी घातलं तर पोपटी, इतकी पोपटी की पोरं ओरडली. मीरा पोरीला घेऊन लांब उभी होती. दादानं बोअरच्या तोंडाशी बालदी धरली आणि माझ्याकडे बघितलं, लहानपणी विहिरीत ढकलायच्या आधी बघितलं होतं तसं. वरून पाण्याच्या टाकीचा पाईप सोडला, धुऊन खाली जावं म्हणून.

१७ मार्च

काही नाही.

१८ मार्च

काही नाही. दादा पहाटे जाऊन काचेच्या ग्लासात पाणी काढतो, सूर्याकडे धरतो. मीही बघते. स्वच्छ. स्वच्छ दिसतंय एवढंच.

दगडातून वाट कशी जाते कोणी सांगावं. आठ दिवसही लागतील.

२० मार्च

बीडला एक दिवस. शबाना भेटली. तिला म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा निकाल काय यावा ते मला माहीत नाही.

ती म्हणाली, "मॅडम, पालीच्या धरणावर आपण जेवायचो, आठवतं?" आठवत नाही होय! भिंतीवर डबे उघडायचो, ती कलेजी आणायची, मी तिला म्हणायचे लांब बस, आणि तिच्या डब्यातला पराठा मात्र घ्यायचे. बाटल्या सावलीत. खाली पाणी, वारा. त्या दिवसांत आम्ही नमुना घ्यायचो आणि परत यायचो, कुणाच्या घराचं काय होईल ते आम्हाला दिसायचं नाही. अहवाल टपालानं जायचा. किती सोपं होतं. आणि किती चांगलं वाटायचं तरीही, खोटं कशाला बोलू. ते दिवस परत दे म्हटलं तर मी लगेच घेईन, त्या भुशाच्या बर्फासकट.

शबाना म्हणाली, दुसऱ्या विहिरीही तपासू या, मी येते. मी म्हटलं, ये. आधी हिचं होऊ दे.

२२ मार्च

वाडी. काही नाही.

पारावरच्या लोकांना आता गंमत वाटायला लागलीय. येता-जाता दादाला विचारतात, "पाटील, झालं का हिरवं?" एकानं तर आपल्या संडासात जोरात पाणी सोडून दाखवलं. दादा हसतो. घरी आल्यावर हसत नाही. काल मला म्हणाला, "न्हाई आलं तर तुझं शिक्षान खोटं, आलं तर मपलं तोंड काळं." असं म्हणू नये त्यानं. पण खरंच आहे.

रत्नाचा संडास आता पुन्हा दुसऱ्या खड्ड्यात जातो. नवा पाईप दादानंच फिरवून दिला, कुणाला न सांगता. मला आज सकाळी दिसला. बोअरचं तोंड मात्र उघडंच, बाकीच्यांच्या नजरेत सगळं जसंच्या तसं. मी विचारलं नाही.

२४ मार्च

मीरा आली. पोरगी जेवायला लागलीय, डोळे निवळतायत. माळ खाली पोटापर्यंत आली म्हणून आजी खूश.

मीरा विहिरीकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, हिरवं आलं न्हाई तर पाणी प्यावं का आमी?"

"नको गं. तरी नको. उकळूनच प्या. घाण तर आहेच, ती मी बघितलीय."

"मग हिरव्याची वाट कावून बघायलाव?"

मी म्हटलं, घाण कुठून येते ते लोकांना पटावं म्हणून. ती जायला उठली. मग म्हणाली, "मला तर पोरीच्या डोळ्यातच पटलं."

आठ-दहा दिवस मी दादाचं तोंड कसं राहील ह्याचाच विचार करतेय. मनातल्या मनात म्हणतेय, येऊ नये हिरवं. दुसऱ्या क्षणी म्हणतेय, यावं. पोरगी मात्र ह्या सगळ्यात कुठं होती? आणखी दोन लेकरं होती, त्यांच्या घरी मी एकदा गेले होते. एकदाच.

आज पुन्हा गेले. दोघंही अंगणात खेळत होती. एकाचे डोळे अजून पिवळे.

२५ मार्च

सप्ताहाचा मंडप उभा राहिला. उद्या दुपारी टीसीएल. सरपंचांनी पावडरीची गोणी आणून विहिरीजवळ ठेवलीय.

दादा जेवला नाही. रत्नानं दोनदा ताट पुढं केलं. शेवटी मला म्हणाली, "तूच सांग त्येंना, काय हुईल ते हुईल." मी सांगितलं. दादा म्हणाला, "मला हिरव्याचं भ्या न्हाई वाटत आता. मीराची पोरगी काल मला आज्जा म्हणून पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठिवला तवा वाटलं, हिला म्याच..." आणि उठून गेला.

मी मागं गेले नाही. रडत असला तर त्याला एकट्याला रडू द्यावं.

२६ मार्च

सकाळ. इथंच विहिरीच्या काठावर बसून लिहितेय, नंतर जमणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं. मीरा पोरीला घेऊन आलेली. पारावरचे चौघे-पाच आलेले, सरपंच आलेले. आज कुणी चेष्टा करत नव्हतं. दादानं फांद्या बाजूला केल्या, पोहरा सोडला. पोहरा वर आला. पाणी काचेच्या ग्लासात ओतलं. पूर्वेकडं धरलं. बराच वेळ धरलं.

मग ग्लास माझ्याकडे दिला.

"मपल्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, विजे. मला रोजच थोडं थोडं हिरवं दिसतंय. तू सांग."

मी घेतला. डोंगराच्या सावलीत धरला, मग जरा पुढं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. दादा ग्लासाकडं न बघता माझ्याच तोंडाकडं.

"काय हाय?" सरपंच म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. तळाशी पोपटी झाक... कदाचित. मीरा पुढं आली. दादानं धोतराचा काचा आवळून घेतला, कामाला लागायच्या आधी आवळतो तसा.

"थांबा," मी म्हटलं. "ऊन जरा वर येऊ दे."